शेजारी एक कोरी

उपकार कुणाचे ते आधी सांगते, काय घडलं ते मागून. उपकार माझ्या मावससासूबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचे. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. माझ्या सासूबाई आज हैदराबादेत काचीगुड्याच्या घराच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतात आणि मी केलेल्या वरणाला नावं ठेवतात, ती त्या मावशींची कृपा. आणि मावशींबद्दल एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगते : उद्या सूर्य उगवेल यावर साऱ्या जगाचा विश्वास आहे, एकट्या मावशींचा नाही. त्यांना विचारलं तर म्हणतील, “आजवर उगवलाय खरा. उद्याचं उद्या बघू.”

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली आणि पुढे लग्न होऊन मीटरगेजच्या छोट्या गाडीने काचीगुडा स्टेशनावर उतरले, तेव्हा एक पत्र्याची पेटी एवढंच माझं सामान होतं. पाट्या तेलुगूत, रिक्षावाल्याचं बोलणं दखनीत, आणि मला मराठीसुद्धा अनोळखी माणसापुढे धड फुटत नसे. ह्यांची नोकरी स्टेशनाजवळच्या माल वाहतुकीच्या ऑफिसात. राहायला मावशींच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. मागच्या खोल्यांत मावशी आणि त्यांची प्रयोगशाळा. सरकारी नोकरीत जन्म काढून रिटायर झाल्यावर त्यांनी ती घरातच मांडली होती. मावशी झाडपाल्यातून औषध शोधतात, एवढंच मला सांगितलं होतं. मला वाटलं, काढे उकळत असतील. पहिल्या दिवशी आत डोकावले तर काचेचे चंबू, काचेच्या नळ्या, काचेचे फुगे, आणि त्यांच्या मधोमध पांढरं पातळ टाचून नेसलेली, चष्मा कपाळावर चढवलेली एक बारकी बाई मला म्हणते, “आत ये. हात लावू नकोस. म्हणजे लाव, पण आधी धू. आणि धुतलास हे मला कसं कळेल, ते सांग.”

मी हात पुढे केले. त्यांनी ते हुंगले आणि म्हणाल्या, “साबण आहे. पण साबण सकाळचाही असू शकतो.” त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर हात धुऊ लागले, आणि हळूहळू त्यांची काचेची भांडीही. काच खरंच स्वच्छ झाली की पाणी तिच्यावरून पदर पसरावा तसं एकसंध उतरतं, कुठेही थेंब धरत नाही. हे मला मावशींनी शिकवलं. एक चंबू मी दिवसभर धूत बसले होते. संध्याकाळी पाणी तसं उतरलं आणि मला रडू आलं. मावशी म्हणाल्या, “रडू नकोस, थेंब पडतील.”

स्वयंपाकघर मात्र त्यांचं बघवत नसे. प्रयोगशाळेत शंभर तऱ्हेची काच, आणि स्वयंपाकाला एक पातेलं, एक उलथनं. फ्रिज एकच, तोही नवा मोठा, आणि त्यात जंतू. दूध बाहेर ओल्या फडक्यात. मी एकदा घाबरत घाबरत विचारलं, मावशी, दूध फ्रिजमध्ये का नाही ठेवत? तर म्हणाल्या, “जंतूंच्या शेजारी? आणि त्यांना दूध लागलं म्हणजे? त्यांची सवय बिघडेल.” दूध नासेल याची नव्हे, जंतू बिघडतील याची काळजी! सासूबाई गावाहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या तेव्हा हे बघून म्हणाल्या, “पोटचं लेकरू नाही म्हणून हिनं किडे पाळले.”

पण मावशींचं खरं वेड म्हणजे कोरी. ही कोरी काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. झाकणाच्या काचेच्या बशीत जिलेटिनसारखं काही थिजवायचं, त्यावर जंतू पसरायचे, आणि त्यावर टीपकागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या. चकतीला एखाद्या झाडाचा अर्क लावलेला. त्या अर्कात दम असला तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो, जंतू तिथे फिरकत नाहीत. मात्र प्रत्येक बशीत एक चकती अशी, की जिला बाकी सगळं तेच लावलंय, फक्त अर्क नाही. ती कोरी. “अर्कानं मारलं की ज्या स्पिरिटात तो विरघळवला त्यानं मारलं, हे कोरीशिवाय कोण सांगणार? तुझा काका?” मावशी म्हणत. माझा काका बिचारा हिंगोलीला पोस्टात होता, पण मावशींच्या बोलण्यात तो रोज यायचा.

बशीत ठीक आहे हो. पण मावशी साऱ्या संसाराला कोरी मागत. मी एकदा आल्याचा चहा दिला आणि म्हटलं, घसा सुटेल. तर त्यांनी आठवडाभर एक दिवस आल्याचा, एक दिवस बिनआल्याचा असा चहा घेतला आणि निकाल दिला, “घसा आल्यानं सुटत नाही. चहा पिताना मी गप्प असते, त्यानं सुटतो.” शेजारीण पेढे घेऊन आली, मारुतीला नवस बोलले आणि पोरगा पास झाला म्हणाली. मावशींनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “न बोललेल्यांची सगळी नापास झाली का?” पुढे ती शेजारीण पेढे आणायची ते मावशी आबिड्सच्या बाजारात गेल्यात याची खात्री करून. त्यांच्या लग्नाचं विचारलं तर सासूबाई कपाळावर हात मारत. “चांगलं स्थळ होतं. हिनं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्याशी लग्न करून मी सुखी झाले तर ते तुमच्यामुळं, हे ठरवायचं कसं? तो जो उठला, तो दारातली चप्पलही उलटी घालून गेला.”

ते दिवसही मोठे चमत्कारिक होते. देशाची दारं उघडली, असं पेपरात रोज यायचं. केबल टीव्ही आला, गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचा बूथ आला, आणि टाय लावलेली माणसं मावशींच्या दारी येऊ लागली. “मॅडम, बाहेरच्या देशांत आता सगळ्यांना झाडपाल्याचं औषध पाहिजे,” असं म्हणत एकाने ताकदीच्या कॅप्सूल पुढे ठेवल्या. औषध गुणाचं आहे म्हणून नुसती एक सही हवी होती, तिचे पैसे रोख मिळणार होते, आणि मावशींचं मागच्या खोलीचं छत गळत होतं. मावशींनी त्याला बसवलं. आतून दोन कॅप्सूल आणल्या, एक त्याचीच, एक तिच्यातला माल काढून तांदळाचं पीठ भरलेली. कुठली कोणती ते न सांगता त्याला एक आज, एक उद्या घ्यायला लावली. तिसऱ्या दिवशी तो उत्साहाने आला आणि म्हणाला, मॅडम, दुसरीनं काय तरतरी आली! मावशी म्हणाल्या, “मग तुम्ही तांदूळच विका. आमच्या नलगोंड्याकडे छान पिकतो.” तो गेला, सही गेली, आणि पावसाळाभर मी त्या खोलीत बादल्या ठेवत राहिले. मावशी म्हणत, “छत गळतं हे मात्र सिद्ध आहे.”

त्यांचा जीव होता तो दगडीपाल्यावर. आपल्याकडे बांधावर, पायवाटेवर कुठेही उगवतो, पिवळट पांढऱ्या फुलाचा. कुठे खरचटलं, कापलं की पाला चोळून रस पिळायचा, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मावशींना त्यातला तो एक नेमका पदार्थ हवा होता, जो जखम भरतो. मी गावाकडे गेले की पोतंभर पाला सुकवून आणायचा, हा मला कायमचा हुकूम. मग तो भिजवायचा, गाळायचा, आटवायचा, आणि खाली उरलेला डांबरासारखा हिरवा-काळा अर्क पांढऱ्या भुकटीने भरलेल्या उभ्या काचेच्या नळीत वरून सोडायचा. वरून द्रव ओतत राहायचं. आणि काय सांगू, तो एवढा काळाकुट्ट अर्क खाली उतरता उतरता पट्ट्यापट्ट्यांनी वेगळा होतो : खाली पिवळाधम्मक, मग पोपटी, मग गर्द हिरवा, जणू कुणी काचेत इरकलीचा काठ विणतंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हात जोडले. मावशी म्हणाल्या, “हात काय जोडतेस? बाटली बदल, पिवळा खाली आलाय.”

आणि गंमत बघा, अख्खा अर्क काम करायचा, पण वेगवेगळ्या बाटल्यांत निवडून काढला की एकही बाटली काम करीना! वर्षानुवर्षं हेच. दुसऱ्या कुणी डोकं आपटलं असतं. मावशी बाटल्यांकडे कौतुकाने बघत म्हणायच्या, “एकत्र कुटुंब आहे गं हे. वेगळं काढलं की कुणी कामाला हात लावत नाही.” सासूबाई पायरीवरून ओरडायच्या, “मग तेच तर सांगायलोत आम्ही! चोळावं, पिळावं, लावावं. एवढ्यासाठी काहून एवढी काच?” मावशींना यावर कधी राग आला नाही. कारण त्यांच्या फुटलेल्या गुडघ्यावर हा पाला पहिल्यांदा पिळला होता तो सासूबाईंनीच, दोघी लहान असताना.

आता मुख्य गोष्ट. सासूबाईंचे गुडघे. गावात होत्या तोवर कशाबशा चालायच्या, इथे आल्यावर पायरी उतरणंही बंद झालं. दिवसभर दुखणं आणि दुखण्याचं बोलणं माझ्याशी. मी घाबरट बाई, त्या “आई गं” म्हणाल्या की माझ्या हातातलं भांडं पडायचं. अशात कुणीतरी त्यांना मलकपेठच्या बाजारातल्या पुडीवाल्याचं सांगितलं. मुळ्या-खोडांच्या बरण्या मांडून बसायचा, गुडघ्याची पुडी द्यायचा. सासूबाई रिक्षाने जाऊन घेऊन आल्या आणि मला दम दिला, “छोटीला सांगू नको. लगेच कोरी मागंल.”

आठवड्याच्या आत काय चमत्कार! सासूबाई मांडी घालून बसल्या. पाट्यावर चटणी वाटली. भूक लागायला लागली, माझ्या हातच्या भाकरीला एकदा बरी म्हणाल्या. मी तर देवापुढे साखर ठेवली. चेहरा गोल गरगरीत झाला, गाल वर आले. शेजारणी म्हणाल्या, हैदराबादचं पाणी मानवलं. पुढे काही महिन्यांनी पायांवर सूज दिसायला लागली, दंडाला जरा कुठे लागलं की जांभळे डाग पडू लागले, पण गुडघे सुखात होते, मग डागांचं कोण बोलतंय?

त्या दिवसांत भोपळा चिरताना विळीवर सासूबाईंचं बोट कापलं. जन्मभराची सवय, मावशींच्याच अंगणातल्या कुंडीतला दगडीपाला चोळून लावला. बोट भरेना. परत लावला. बोट चिघळलं. होता होता ते मावशींच्या नजरेस पडलं. त्यांनी सासूबाईंचा हात धरून बोट उजेडात फिरवून बघितलं आणि आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर मावशींच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या.

“मावशी, हे काय हो?”

“काही नाही. पात्यानं दोन चिरा घेतल्या. ह्याला पाला, आणि ही कोरी.”

स्वतःचं बोट! कोरी म्हणून! मावशी मात्र रोज सकाळी चष्मा खाली ओढून दोन्ही बोटं जवळजवळ धरून बघायच्या, लग्नाळू पोरींचे फोटो बघावेत तशा. थोड्या दिवसांत दोन्ही बोटं भरून आली. सासूबाईंचं तसंच. मावशींनी मला हाक मारली. मी कधी बघितला नव्हता इतका गंभीर चेहरा.

“पाला लावलेलं भरलं, कोरंही भरलं. पाल्याचं जरा आधी, पण तेवढ्यावर मी पैज लावणार नाही. म्हणजे पाल्याचा दोष नाही. अक्काच्याच अंगात असं काहीतरी आहे, जे जखम भरू देत नाही. काय खाते ती?”

मी सासूबाईंच्या उशीकडे बघितलं. न बघण्याचा प्रयत्न केला होता, पण माझी नजर कधी माझ्या ताब्यात नव्हती. मावशींनी उशीखालून पुडी काढली, उघडली, हुंगली, जिभेच्या टोकाला लावली. “सुंठ. मेथी. असगंध. आणि तळाशी कडू, जे ह्या तिघांतलं नाही.” मग स्वतःच म्हणाल्या, “पण जीभ कच्ची साक्षीदार आहे. चल.”

काचेची पट्टी असते, तिच्यावर पांढरा पातळ थर. खाली पेन्सिलीने अगदी हलकी रेघ मारायची, रेघेवर बारीक ठिपके द्यायचे आणि पट्टी बरणीत बोटभर द्रवात उभी करायची. द्रव वर चढतो, ठिपक्यांतल्या वस्तूंना बरोबर घेऊन. कुणी उंच जातं, कुणी खालीच रेंगाळतं. मावशी म्हणत, “मलकपेठेत रेसचे घोडे पळतात, माझ्याकडे ठिपके. तोच घोडा असेल तर तेवढाच पळणार.” त्या दिवशी रेघेवर त्यांनी पुडीचा ठिपका दिला. शेजारी, फुगलेला चेहरा आणि जांभळे डाग बघून त्यांना जिचा संशय आला होता त्या, औषधाच्या दुकानातून मला आणायला लावलेल्या स्टेरॉइडच्या गोळीचा दिला. त्याच्या शेजारी दोन्ही एकावर एक. आणि शेवटी कोरी : त्याच सुंठ-मेथी-असगंधाची त्यांनी घरी कुटलेली पूड. मग आम्ही दोघी एका काळ्या कापडाखाली डोकं घालून जांभळ्या दिव्याखाली पट्टी बघायला लागलो. सगळी पट्टी हिरवी चमकत होती आणि तिच्यावर काळे ठिपके. पुडीचा एक ठिपका आणि गोळीचा ठिपका एका पातळीत उभे होते, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या बहिणींसारखे. एकावर एक दिलेल्यांचा मिळून एकच. कोरीच्या जागी त्या उंचीवर काहीच नाही.

माझ्या तोंडून “सापडलं!” निघालं. मावशी म्हणाल्या, “थांब. दोन वेगळे घोडेही एखाद्या शर्यतीत बरोबरीने येतात.” द्रव बदलून परत पळवले. परत बदलून परत. दर वेळी ते दोघे बरोबर. तेव्हा कुठे मावशींनी दिव्याखालीच त्या ठिपक्यांभोवती पेन्सिलीने गोल काढले, डोक्यावरचं कापड काढलं आणि म्हणाल्या, “ह्या वेळी चुकले असते तर बरं झालं असतं.”

मग दोघी बहिणींचं भांडण. तसं भांडण मी जन्मात ऐकलं नाही.

“अक्का, ह्या पुडीत गोळी कुटून घातली आहे. त्यानंच तुझा चेहरा फुगलाय, त्यानंच बोट भरत नाही.”

“तुला माझं सुख बघवत नाही! लहानपणी माझी बाहुली हौदात बुडवलीस, तरंगते का बघायला. आता माझं औषध!”

“बाहुली तरंगत नव्हती, अक्का. मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“माझी बाहुली होती ती!”

“हौ, तुझीच होती,” मावशी हळू आवाजात म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “ऐक. हे एकदम थांबवायचं नाही. अजिबात नाही. ही वस्तू आपल्या अंगात रोज थोडी थोडी तयार होत असते. बाहेरचा माल आयता यायला लागल्यावर अंगानं आपला कारखाना बंद केलाय. आता बाहेरचाही एकदम तोडला तर अक्काजवळ काहीच उरणार नाही. उद्या डॉक्टरकडे नेऊ, तो हळूहळू उतरवेल. तोवर पुडी चालू.”

मी मान हलवली. सासूबाईंनी नाही हलवली. आपल्या घरची बाई रुसली की काय करते? जेवण सोडते. सासूबाईंनी रुसून पुडी सोडली. मला हे मागून कळलं, पण उरलेल्या सगळ्या पुड्या त्यांनी मोरीत ओतल्या, आणि मला दाखवायला रोज नुसतं कोमट पाणी पीत राहिल्या. डॉक्टरकडे यायलाही तयार होईनात, आज एकादशी, उद्या अमावस्या. दोन-तीन दिवसांत एका दुपारी वाती वळता वळता त्या कुशीवर कलंडल्या. उलटी, घाम, अंग गार, हाक मारली तर डोळे उघडून परत मिटायच्या. हे ऑफिसात. मी ओरडत मागच्या खोलीत धावले. मावशींनी एका हातात पट्टी घेतली, दुसऱ्या हाताने मला धरलं, “रडणं रिक्षात.”

दवाखान्यात तरुण डॉक्टरने काही गोळ्या-औषधं चालू आहेत का विचारलं. सासूबाई ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या, “काही नाही... झाडपाला...” खोटं नव्हतं ते त्यांच्या लेखी. डॉक्टर ऐकून पुढे वळला. मावशी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, एवढीशी बाई, आणि रुमालातली काचेची पट्टी त्याच्या डोळ्यांपुढे धरली. उजेडात ठिपके दिसतच नव्हते, नुसते पेन्सिलीचे गोल. “हा गोल गोळीचा, हा तिच्या पुडीचा. महिनोन्‌महिने खाल्लीय, आणि आता बहुतेक सोडलीय.” त्याने एकदा पट्टीकडे बघितलं, एकदा सासूबाईंच्या गोल चेहऱ्याकडे, आणि पळतच नर्सला सुई आणायला सांगितली. आज्जी, बाहेर बसा, एवढंच नंतर म्हणाला, पण किती अदबीने.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी देवांची नावं घेत होते, येत होती तेवढी सगळी. मावशी पट्टी मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी विचारलं, मावशी, वाचतील ना हो? मला ठाऊक होतं त्या काय म्हणणार. बघू. पण त्या म्हणाल्या, “वाचेल.” मी दचकून बघितलं. पुरावा नाही, काही नाही, नुसतं वाचेल!

मग समोरच्या भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, “मी हुशार होते म्हणून शिकले, असं सगळे म्हणतात. हे कुणी तपासलेलं नाही. मामा इथं हैदराबादला राहायचा, त्याच्या घरी एकीचीच सोय होती. आम्ही दोघी एका आईच्या, एका ताटातल्या, आणि पाढे माझ्याआधी तिला यायचे. थोरलीचं लग्न ठरलं, धाकटीला शाळा. बाकी सगळं तेच, फक्त शाळा नाही. अक्का माझी कोरी आहे गं. ती गेली तर मी जे काही झाले, ते कशाशेजारी ठेवून बघू?”

मी सातवीत शाळा सुटलेली बाई. मी त्यांच्या हातातला रुमाल घेऊन घडी घातली आणि परत दिला.

संध्याकाळच्या आत सासूबाईंनी डोळे उघडले. पहिलं वाक्य मला, “दूध फ्रिजात ठेवलं का त्या किड्यांच्या?” दुसरं बहिणीला, “छोटे, तुझी पट्टी काय म्हणती?” मावशी म्हणाल्या, “म्हणते, बाहुली तरंगली.” आणि चष्मा पुसत बसल्या. त्या चष्म्यावर बराच वेळ काही ना काही सापडत राहिलं.

पुढे डॉक्टरने महिनोन्‌महिने हळूहळू उतरवत आणलं. गुडघे परत दुखू लागले, चेहरा परत लांबट झाला, आणि बोट भरलं. मावशी मला घेऊन मलकपेठेत पुडीवाल्याकडेही गेल्या. मला वाटलं, आता बाजार गोळा होतो. पण त्या त्याच्या स्टुलाशेजारी बसल्या, पट्टी दाखवली आणि सगळं सांगितलं. तो रडवेला झाला. “अम्मा, मैं तो तयार बोरी मंगाताऊँ, पुड्या बांधताऊँ, बस. मेरी अम्मा कू भी यइच देताऊँ.” मावशी उठल्याच. “तेरी अम्मा किधर है? जल्दी चल. और उसकी पुडी एकदम बंद नक्को कर!” त्याच्या आईलाही त्याच डॉक्टरकडे नेलं. ते पोतं पुढे बाजारात दिसलं नाही. पोतं भरणाऱ्याचा पत्ता मात्र कुणाला लागला नाही, आणि त्याची रुखरुख मावशींना अजून आहे.

मी त्यांच्या पाया पडायला गेले होते. म्हटलं, मावशी, तुमचे उपकार कसे मानू? तर पाय मागे घेत म्हणाल्या, “मानू नकोस. मी नसते तर काय झालं असतं, ह्याची कोरी कुठाय तुझ्याजवळ?”

आता त्या थकल्या आहेत. दगडीपाला अजून एकत्र कुटुंबातच आहे, वेगळा निघत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांवर दोन बारीक पांढऱ्या रेघा आहेत, कुठली पाल्याची आणि कुठली कोरी हे आता त्यांनाही सांगता येत नाही. पट्टीवर पेन्सिलीची रेघ मारताना हात कापतो. त्या म्हणतात, काच हलते. सासूबाई पायरीवरून म्हणतात, हौ, हलते, भूकंप झालाय. मग दोघी एकमेकींकडे न बघता हसतात. मी आतल्या आत घाबरते.

मावशी, मी लिहिलेलं तुम्ही वाचाल आणि म्हणाल, सिद्ध काय केलंस? काहीच नाही. माझ्याजवळ कोरी नाही. पण काच तुमच्यासारखी धुता येते, बाटली कधी बदलायची ते कळतं, आणि ह्या वर्षी तुम्ही झोपल्यावर दुपारी मी जुन्या काचेवर रेघ मारायला बसते. आता ती सरळ येते. तुमची काच फारच हलायला लागली, की रेघ मी मारीन, आणि तुमच्या दगडीपाल्याच्या शेजारी कोरी ठेवायला विसरणार नाही. तुमचं फेडायचं आहे ते असंच फेडीन. उद्याचं उद्या बघू म्हणाल, तर बघाच.